वाचकांचे प्रश्न : छत्तिसाव्या वर्षी देशाची जर्सी

गेल्या अंकात एका पालकाच्या प्रश्नाला उत्तर देताना मी लिहिले होते की, गोलरक्षकाचे वय इतर खेळाडूंच्या मापाने मोजू नये. आणि उदाहरण म्हणून रॉनी सिम्पसन या स्कॉटिश गोलरक्षकाचे नाव एका ओळीत घेतले होते. त्या एका ओळीवर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच एका माणसासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : आपण लिहिलेत की हा माणूस छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा देशाकडून खेळला. आमच्याकडे पंचविशी उलटली की पोरगा मैदान सोडून वावरात जातो, तो परत येत नाही. मग हे गृहस्थ तोवर होते कुठे? त्यांची हकिकत सुरुवातीपासून सांगावी.
(एक निवृत्त ग्रामसेवक, ता. दारव्हा)

उत्तर : तोवर ते गोलमध्येच उभे होते, आणि तेही बावीस वर्षे. सिम्पसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९३० रोजी ग्लासगो शहरात झाला. वडील जिमी सिम्पसन हे रेंजर्स या बलाढ्य क्लबचे मध्यरक्षक आणि स्कॉटलंडचे कर्णधार, त्यामुळे फुटबॉल घरातच होता. १९४५ च्या उन्हाळ्यात, वयाची पंधरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, रॉनी क्वीन्स पार्क या क्लबच्या मुख्य संघाकडून खेळले. १८६७ साली स्थापन झालेला हा स्कॉटलंडमधला सर्वांत जुना क्लब. त्याचे खेळाडू खेळण्याचे पैसे घेत नसत, आणि त्याचे घरचे मैदान म्हणजे हॅम्पडेन पार्क, जिथे १९३७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना पाहायला जवळपास दीड लाख माणूस लोटला होता. अशा मैदानावर चौदा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसांच्या विरुद्ध गोलमध्ये उभा राहिला.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते ब्रिटनच्या हौशी संघात होते. त्या संघाचे मार्गदर्शक होते मॅट बस्बी. कांस्यपदकाचा सामना डेन्मार्कविरुद्ध लंडनच्या वेम्बली मैदानावर झाला, सिम्पसन गोलमध्ये होते, आणि ब्रिटन ३-५ असे हरले. आपल्या वाचकांना या स्पर्धेशी आणखी एक नाते सांगण्यासारखे आहे. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरला तो याच वेळी. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी हुकल्या आणि फ्रान्सकडून आपण १-२ असे हरलो. कर्णधार होते तालिमेरेन आओ.

पुढे थर्ड लॅनार्क या ग्लासगोच्या क्लबमध्ये थोडा काळ काढून १९५१ साली सिम्पसन इंग्लंडमधल्या न्यूकॅसल युनायटेडकडे गेले आणि तिथे दहा वर्षांच्या आसपास राहिले. १९५२ साली न्यूकॅसलने आर्सेनलला १-० असे हरवून एफए कप ही इंग्लंडमधल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, तेव्हा गोलमध्ये सिम्पसन होते. १९५५ साली पुन्हा अंतिम सामना झाला, समोर मँचेस्टर सिटी. जॅकी मिलबर्न यांनी पहिल्याच मिनिटाला डोक्याने गोल केला आणि न्यूकॅसलने ३-१ असा विजय मिळवला. या विजयाचे मोल कळायला एवढे पुरे की, त्यानंतर इंग्लंडमधली मोठी स्पर्धा जिंकायला न्यूकॅसलला २०२५ साल उजाडावे लागले. म्हणजे पंचविशी गाठण्यापूर्वी सिम्पसन यांच्याकडे अशी दोन पदके होती, जी बहुतेक गोलरक्षकांना आयुष्यभर मिळत नाहीत. आपण म्हणता त्या वयात ते वावरात गेले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते.

१९६० साली ते स्कॉटलंडला परतले, एडिनबरोच्या हिबर्नियन क्लबकडे. चार वर्षे तिथे खेळले. मग १९६४ साली, चौतिशीच्या उंबरठ्यावर, त्यांना ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने घेतले ते राखीव गोलरक्षक म्हणून, पहिल्या गोलरक्षकाला दुखापत झालीच तर उपयोगी पडेल एवढ्या हिशेबाने. ज्यांचे वडील रेंजर्सचे, तो मुलगा रेंजर्सच्या सर्वांत कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे गेला, हे ग्लासगोमध्ये लहान गोष्ट नव्हे. पण खरी हकिकत इथून पुढे सुरू होते, आणि ती पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी एका लेखात वाचले की, ज्या प्रशिक्षकाने सिम्पसन यांना क्लबातून काढले त्याच प्रशिक्षकाने त्यांना पुढे युरोपचा विजेता केले. हे कसे शक्य आहे? माणूस आपली चूक इतक्या सहज कबूल करतो का?
(एक शेतकरी वाचक, ता. चांदूर बाजार)

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. त्या प्रशिक्षकाचे नाव जॉक स्टीन. १९६४ च्या वसंतात ते हिबर्नियनचे प्रशिक्षक झाले आणि काही महिन्यांतच त्यांनी सिम्पसन यांना सेल्टिककडे जाऊ दिले. आपण बैलबाजार पाहिलेला असणारच. बैल जुळून, म्हणजे त्याचे सगळे दात येऊन, चार वर्षे झाली, की घेणारा दात पाहतो आणि हात मागे घेतो, आणि विकणाराही फार ताणून धरत नाही. सिम्पसन यांचा सौदा तसाच झाला. पण मार्च १९६५ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी, स्टीन स्वतःच सेल्टिकचे प्रशिक्षक होऊन आले. आपण विकलेला बैल ज्याच्या गोठ्यात बांधलेला, त्याच घरी कारभारी म्हणून जावे, असा हा प्रसंग होता.

सिम्पसन यांना आता आपली इथूनही पाठवणी होणार असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. पहिले काही महिने गोलमध्ये जॉन फॅलन हेच होते आणि एप्रिल १९६५ मध्ये सेल्टिकने स्कॉटिश कप जिंकला तोही फॅलन यांच्यासह. मात्र त्याच वर्षीच्या शरद ऋतूत स्टीन यांनी जागा सिम्पसन यांना दिली आणि पुढे ती चार वर्षे त्यांचीच राहिली. आपण विचारता की चूक कबूल केली का. शब्दांनी केली की नाही यापेक्षा संघाच्या यादीत पहिले नाव कोणाचे लिहिले, हीच प्रशिक्षकाची कबुली मी मानतो. मी स्वतः अनेक वर्षे शाळेचे संघ निवडले आहेत आणि एकदा काढलेल्या मुलाला परत घेताना आपलाच हात कसा अडखळतो, हे मला ठाऊक आहे. स्टीन यांचा हात अडखळला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

सिम्पसन यांच्यात असे काय होते, हेही सांगायला हवे. ते फार उंच नव्हते. हवेत झेप घेऊन प्रेक्षकांची वाहवा मिळवणे हा त्यांचा पिंड नव्हता. ते उभे कुठे राहायचे, यातच त्यांचे निम्मे काम होऊन जात असे, आणि उरलेले हात, पाय, कोपर, मांडी, जे चेंडूच्या वाटेत लवकर पोहोचेल त्याने होत असे. सेल्टिककडून खेळलेल्या सामन्यांपैकी जवळपास निम्म्या सामन्यांत त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. संघातली मुले त्यांना ‘फेयदर’ म्हणत, म्हणजे स्कॉटिश बोलीत बाप. हिशेबच करायचा तर, सिम्पसन १९४५ साली पहिला मोठा सामना खेळले तेव्हा त्यांचे पुढचे सहकारी बॉबी लेनॉक्स दोन वर्षांचेही नव्हते आणि जिमी जॉन्स्टन यांचे पहिले वर्षही सरायचे होते.

आता १९६७ चे एप्रिल आणि मे पाहा. १२ एप्रिलला युरोपियन कप या युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत प्रागच्या दुकला संघावर ३-१ असा विजय. १५ एप्रिलला वेम्बलीवर स्कॉटलंडकडून पदार्पण. समोर विश्वविजेता इंग्लंड, जो १९ सामन्यांत हरलेला नव्हता. स्कॉटलंडने तो सामना ३-२ असा जिंकला. २५ एप्रिलला प्रागमधल्या परतीच्या सामन्यात ०-० आणि अंतिम फेरीत प्रवेश. २९ एप्रिलला ॲबर्डीनला २-० असे हरवून स्कॉटिश कप. ६ मे रोजी रेंजर्सच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी आणि लीगचे विजेतेपद. आणि २५ मे रोजी लिस्बनमध्ये, दोनदा युरोप जिंकलेल्या इंटर मिलानवर २-१ असा विजय. सहा आठवड्यांत हे सर्व, आणि गोलमध्ये छत्तीस वर्षांचा माणूस. युरोपियन कप जिंकणारा सेल्टिक हा ब्रिटनमधला पहिला क्लब, आणि त्या अकरा जणांपैकी प्रत्येकाचा जन्म क्लबच्या मैदानापासून तीस मैलांच्या आतला.

लिस्बनच्या सामन्यात सातव्या मिनिटाला इंटरच्या मात्सोला यांनी पेनल्टीवर गोल केला. तिथून पुढे सेल्टिकने इंटरच्या गोलवर सतत हल्ले चढवले. त्यांचे गोलरक्षक सार्ती यांनी एकामागून एक चेंडू अडवले, दोनदा आडवा दांडा आडवा आला. ६३ व्या मिनिटाला गेमेल यांनी बरोबरी साधली आणि शेवटची पाच-सहा मिनिटे उरली असताना चामर्स यांनी विजयी गोल केला. सिम्पसन यांना त्या दिवशी काम थोडे होते. मात्र एका क्षणी चेंडू त्यांच्या पेनल्टी क्षेत्राबाहेर आला, इंटरचा खेळाडू अंगावर धावत आला, आणि सिम्पसन यांनी शांतपणे टाचेने चेंडू मागे आपले सहकारी जॉन क्लार्क यांच्याकडे सरकवला. त्या चित्रफितीतला तो एक क्षण मी कितीदा पाहिला असेल, सांगता येणार नाही. पाय घसरला असता तर गोल होता, आणि त्या वेळी संघ आधीच एका गोलने मागे होता.

आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. त्या काळी स्कॉटलंडमधल्या कितीतरी तरुणांना कवळी असे. सामन्याआधी सहकाऱ्यांनी आपापल्या कवळ्या सिम्पसन यांच्या टोपीत ठेवल्या आणि ती टोपी गोलच्या जाळीत राहिली. शेवटची शिटी झाल्यावर, कप घेताना छायाचित्रात तोंड बोळके दिसू नये म्हणून, ती मंडळी आधी त्या टोपीकडे धावली. स्वतःचे दात जपून ठेवायला माणूस ज्याच्याकडे देतो, त्याच्यावर त्याचा विश्वास किती असेल!

प्रश्न : न्यूकॅसलला दोन एफए कप जिंकून देणाऱ्या गोलरक्षकाला त्याच्या देशाने तरुणपणी का बोलावले नाही? हा अन्याय नव्हता का?
(एक शिक्षक, ता. मेहकर)

उत्तर : अन्याय म्हणण्याआधी त्या जागेवर कोण उभे होते ते पाहावे लागते. १९४८ ते १९५२ या काळात मॉर्टन क्लबचे जिमी कोवन स्कॉटलंडचे गोलरक्षक होते. त्यांनी २५ सामने खेळले. एप्रिल १९४९ मध्ये स्कॉटलंडने वेम्बलीवर इंग्लंडला ३-१ असे हरवले, तेव्हा इंग्लंडचे सुरुवातीचे हल्ले त्यांनी असे परतवले की तो सामना आजही ‘कोवन यांचे वेम्बली’ म्हणून ओळखला जातो. हा गुणी माणूस १९६८ साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्यांच्यानंतर ॲबर्डीनचे फ्रेड मार्टिन आले. १९५४ च्या विश्वचषकात उरुग्वेने स्कॉटलंडवर सात गोल चढवले आणि पुढच्याच वर्षी वेम्बलीवर इंग्लंडनेही सात. मग टॉमी यंगर यांनी २४ सामने खेळले आणि १९५८ च्या विश्वचषकात संघाचे नेतृत्व केले. त्यानंतर बिल ब्राउन यांनी २८ सामने खेळले. म्हणजे कोवन, यंगर आणि ब्राउन यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मार्टिन यांच्या काळात मात्र सिम्पसन यांना संधी द्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी संघ एकटा प्रशिक्षक निवडत नसे. संघटनेची समिती निवडत असे.

१५ एप्रिल १९६१ रोजी स्कॉटलंड वेम्बलीवर ३-९ असे हरले. गोलमध्ये होते सेल्टिकचेच फ्रँक हॅफी. त्या एका दुपारीने त्यांची राष्ट्रीय कारकीर्द संपली आणि स्कॉटिश गोलरक्षकांची पुढे कैक वर्षे इंग्लंडमध्ये हेटाळणी होत राहिली. बरोबर सहा वर्षांनी, १५ एप्रिललाच, त्याच मैदानावर, त्याच क्लबचा गोलरक्षक स्कॉटलंडकडून उतरला आणि विश्वविजेत्यांना हरवून परत आला. शिवाय त्या दिवशी स्कॉटलंडचे नवे प्रशिक्षक म्हणून बाकावर बसलेले बॉबी ब्राउन हे स्वतः रेंजर्सचे जुने गोलरक्षक; आणि त्याआधी क्वीन्स पार्कच्या गोलमध्ये सिम्पसन यांच्यापूर्वी उभे राहत ते हेच. गोलरक्षकाची पारख गोलरक्षकाला असते, असे मला यावरून वाटते. सिम्पसन यांना देशाकडून एकूण पाचच सामने मिळाले. १९६७ साली स्कॉटलंडच्या क्रीडापत्रकारांनी मात्र त्यांनाच वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडले.

प्रश्न : तेव्हा हातमोजे नसत म्हणतात. चेंडूही वेगळा होता का?
(एक वाचक, धामणगाव रेल्वे)

उत्तर : आजच्यासारखे फेसाचे जाड हातमोजे नव्हते. कोरड्या दिवशी उघडे हात, पाऊस असला तर लोकरी किंवा सुती मोजे. चेंडू नियमाने १४ ते १६ औंस वजनाचाच घ्यायचा असे, पण ते वजन सामना सुरू होतानाचे. चामडे पाणी पिऊ लागले की त्याची हमी कोणीच देत नसे.

तो चेंडू मी हाताळलेला आहे. आमच्या शाळेत, यवतमाळ जिल्ह्यात, असा एकच चेंडू होता. चामड्याचे तुकडे जाड दोऱ्याने शिवलेले, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंडाशी चामड्याची वादी. हवा भरून झाली की ब्लॅडरची नळी दुमडून सुतळीने बांधायची, ती बोटाने आत खुपसायची, आणि मग वादी भोकांतून ओवून अशी ताणायची की गाठ वर राहू नये. ती गाठ थोडी जरी वर राहिली, तर डोक्याने चेंडू मारणाऱ्याचे कपाळ फाटे. मैदान म्हणजे गावाबाहेरची ई-क्लासची जमीन, सगळी काळी माती. श्रावणात दोन सरी पडल्या की ती माती ओल्या चामड्याला चिकटत जाई आणि अर्ध्या तासाने चेंडू छातीशी धरला, तर सदऱ्यावर शिवणीचा आणि वादीचा ठसा चिखलात उठे. घरी आई तो ठसा पाहूनच ओळखे की आज किती चेंडू अडवले. स्कॉटलंडचा हिवाळा आमच्या श्रावणाहून कितीतरी कठीण, आणि सिम्पसन यांच्या तरुणपणी तिथला चेंडू याच जातीचा होता.

त्यात भर म्हणजे, चेंडू हातात असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धडक देणे तेव्हा नियमात बसत असे. १९५६ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचे बर्ट ट्राउटमन यांची मान मोडली आणि ते तसेच शेवटपर्यंत खेळले; १९५७ साली मँचेस्टर युनायटेडचे रे वुड यांच्या गालाचे हाड सुरुवातीच्या काही मिनिटांतच मोडले. बदली खेळाडू नव्हता. सेल्टिकचे तरुण गोलरक्षक जॉन थॉमसन तर १९३१ साली रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याचा आघात डोक्याला होऊन बाविसाव्या वर्षी मरण पावले. या जागेवर बावीस-पंचवीस वर्षे टिकणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

प्रश्न : युरोप जिंकल्यावर झालेल्या जागतिक क्लब स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात सिम्पसन का नव्हते?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, वरूड)

उत्तर : ऑक्टोबर १९६७ मध्ये हॅम्पडेनवर सेल्टिकने अर्जेंटिनाच्या रेसिंग क्लबला १-० असे हरवले, तेव्हा ते होते. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला अर्जेंटिनातल्या परतीच्या सामन्यापूर्वी, खेळ सुरू होण्याआधीच, कशाचा तरी जोराचा मार त्यांच्या डोक्याला बसला आणि रक्त आले. फॅलन यांना आयत्या वेळी उतरावे लागले. तो सामना आणि त्यानंतर मोंतेव्हिदेओत झालेला निर्णायक सामना, दोन्ही सेल्टिक हरले. सिम्पसन यांची कारकीर्द मात्र त्यामुळे संपली नाही. ती संपवली खांद्याने. वारंवार निखळणाऱ्या खांद्यामुळे १९७० साली, चाळिशीला आले असताना, त्यांनी हातमोजे खाली ठेवले. पुढे थोडा काळ त्यांनी हॅमिल्टन क्लबचे प्रशिक्षकपद सांभाळले. एप्रिल २००४ मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या थर्ड लॅनार्क क्लबकडून ते तरुणपणी खेळले, तो क्लब तर १९६७ सालीच, त्यांच्या वैभवाच्या वर्षी, कायमचा बंद पडला होता.

प्रश्न : सर, मी नववीत आहे आणि शाळेच्या मुलींच्या संघात गोलकी आहे. धान कापल्यावर आम्ही बांधीत खेळतो. माझी उंची कमी आहे म्हणून मला काढून दुसऱ्या मुलीला उभे करायचे चालले आहे. सिम्पसन नेमके काय करत होते ते मला शिकता येईल का?
(एक विद्यार्थिनी, ता. सिंदेवाही)

उत्तर : बेटा, येईल. त्यासाठी दोन कासरे लागतील, ते घरून मागून आण. एका कासऱ्याचे टोक गोलच्या एका बांबूला बांध, दुसऱ्याचे दुसऱ्या बांबूला, आणि दोन्हींची मोकळी टोके पंधरा पावलांवर चेंडू ठेवून त्याखाली दाब. आता जमिनीवर त्रिकोण दिसेल. चेंडू मारणारीला गोलमध्ये चेंडू घालायचा तर तो त्या त्रिकोणातूनच जाणार. तू गोलच्या रेषेवर उभी राहिलीस तर दोन्ही बाजूंना तुझ्या हाताबाहेरची जागा उरते. तीच तू चार पावले पुढे ये आणि दोन्ही हात पसर. कासरे तुझ्या किती जवळ आले ते बघ. फार पुढे गेलीस तर मात्र चेंडू डोक्यावरून जाईल, म्हणून तुझ्या उंचीला किती पावले बरोबर, हे तुझे तुलाच शोधावे लागेल. चेंडूची जागा बदलून हे रोज दहा वेळा कर, मग कासरे सोडून टाक आणि ते मनाने पाहायला शीक.

दुसरे असे की, पायाजवळून सरपटत येणाऱ्या चेंडूसाठी खाली वाकायला वेळ नसतो. तिथे हात नेण्याचा हट्ट धरू नकोस, पाय आडवा घाल. काही जण याला अडाणी खेळ म्हणतील. सिम्पसन यांनी तो युरोपातल्या मोठमोठ्या संघांविरुद्ध केला. बांधीत धानाची धसकटे असतात, म्हणून झेप घेण्याआधी गोलसमोरची तेवढी जागा कुदळीने साफ करून घ्या, नाहीतर कोपर सोलतील. टाचेने चेंडू मागे देणे मात्र सध्या करू नकोस. ते त्यांनी बावीस वर्षांच्या अनुभवानंतर केले.

तुझ्या सरांना हे उत्तर दाखव, आणि निवडीआधी दोघींनाही वीस-वीस चेंडू अडवायला द्या अशी माझ्या वतीने त्यांना विनंती कर. त्यांतले किती तू पायाने अडवलेस, ते मोजून मला कळव.